भाडेकरूचा बोगदा

लॅपटॉपच्या कळांमधून पंचामृत ठिबकत होतं. खाली पाटावर त्याचं तळं झालं होतं, त्यात झेंडूची पाकळी तरंगत होती, आणि माझ्या मोबाइलवर एक बाई घाबऱ्या घाबऱ्या विचारत होती की विलायतेतली दुकानं आज उघडणार की नाही. दसऱ्याची सकाळ होती. पाटासमोर माझा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पीतांबर नेसून बसला होता. कपाळाला गंध, हातात पळी, आणि चेहरा असा की घरातलं कोणी गेलंय. मी त्या बाईला म्हटलं, "जरा थांबा, ते अजून पूजेत आहेत." खोटं नव्हतं ते. लॅपटॉप पूजेतच होता, आणि तिथून तो उठेल असं दिसत नव्हतं.

यंत्रांवर इतकी माया करणारा, आणि त्या मायेपायी यंत्रांचं इतकं वाटोळं करणारा माणूस पुण्यात दुसरा झाला नसेल. यवतमाळकडचा. तिकडे वडिलांचं कापडाचं दुकान, आणि हा इकडे हिंजवडीला मोठ्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर कामाला. कर्वेनगरात आमच्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता, तो बघायला आला तेव्हा भिंती, नळ, मोरी काही बघितलं नाही. आधी विजेच्या मीटरपाशी गेला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लयच गरम झाले जी हे. कोणी विचारपूस करत नाही वाटते यांची." मला वाटलं डोक्यात काही कमी आहे. पण भाडेकरू म्हणून आधी जे तीन शहाणे ठेवले होते त्यांच्यापेक्षा हा बरा वाटला, म्हणून ठेवून घेतला.

पुढे कळलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला त्याने पद दिलेलं आहे. कॉम्प्युटर म्हणजे साहेब, स्कूटर म्हणजे बाई, मोबाइल म्हणजे धाकटे. आमच्याशी एखादे वेळी अरे-तुरे करेल, यंत्राशी कधी नाही. सकाळी स्कूटरला लाथ मारण्याआधी "माफ करा बाई" म्हणायचा, आणि ती सुरू झाली नाही तर खाली बसून तिची समजूत काढायचा. समोरच्या घरातले लोक गॅलरीत येऊन बघायचे. माझा मिक्सर एकदा बंद पडला. याने तो वर नेला, उघडला, पुसला, दोन दिवस उन्हात बसवला आणि परत आणून दिला. चालत नव्हताच. मी विचारलं, "दुरुस्त काय केलंस मग?" तर म्हणतो, "आजी, तो बिघडला नाही, त्याचं मन उडालं आहे. काही दिवस त्याच्यात चटणी नका करू." मी त्याच दिवशी त्यात खोबऱ्याची चटणी टाकली आणि बटण दाबलं. मिक्सर चालला. याने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी आजारी माणसाला कामाला लावलंय.

पुण्याचा उन्हाळा त्याला उन्हाळा वाटायचा नाही. "तुमचं हे ऊन कोमट आहे जी," म्हणायचा, आणि तरी भर दुपारी मधूनमधून पंखा बंद करायचा. स्वतःसाठी नाही, पंख्याला दम घेता यावा म्हणून. त्याच्याकडे पाहुणा आला की तो पाहुणा घामाने भिजून खाली माझ्याकडे पाणी प्यायला यायचा. एकदा त्याचे वडील आले होते. उंच, शांत माणूस. माझ्या ओसरीवर बसून धोतराच्या सोग्याने वारा घेत म्हणाले, "लहानपणी हा रेडिओला पांघरूण घालत होता, बाई. आम्हाला वाटलं मोठा झाला की जाईल." मी म्हटलं, "गेलं नाही. वाढलंय."

यातलाच एक प्रकार पुढे महागात पडणार होता, तो म्हणजे मोबाइलची झोप. रोज रात्री निजण्याआधी तो मोबाइलच्या पाठीचं झाकण काढायचा, बॅटरी बाहेर काढायचा आणि दोन्ही शेजारी शेजारी घडीच्या रुमालावर ठेवायचा. मी एकदा भाडेपावती द्यायला वर गेले तेव्हा बघितलं. म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "दिवसभर बोलून बोलून थकते नं ते. माणसाला झोप आहे, त्याले काहून नाही?" मी म्हटलं, "तुझं ऐकून ऐकून मीही थकते. माझीही काढून ठेव." तो हसला नाही. सकाळी बॅटरी परत घातली की तो मोबाइल जागा व्हायचा आणि पहिल्यांदा तारीख विचारायचा. हा त्याच्याकडे कौतुकाने बघून पुढचं बटण दाबायचा. "झोपेतून उठल्यावर बिचाऱ्याला काही सुचत नाही," म्हणायचा. वेळ बघायला मनगटावर घड्याळ होतंच.

हा मोबाइल साधा नव्हता. ऑफिसने दिलेला, पाटीच्या तुकड्याएवढा, वर बटणं कमी आणि काच जास्त. सोबत एक बारीक काडी होती, तिने काचेवर टोचायचं. तो हातात आल्यापासून भाडेकरूच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. ऑफिसचं काम या मोबाइलवरून करायचं. ते कसं, हे त्याने मला जिन्यात उभं करून समजावलं. म्हणाला, "आजी, आमच्या ऑफिसात शिरायला एक चोरवाट आहे. व्हीपीएन म्हणतात त्याला. बोगदाच समजा. सगळं जग वरून चालते, आपण खालून जायचं. कोणाला दिसत नाही." मी म्हटलं, "कात्रजच्या तळ्यातून शनिवार पेठेतल्या हौदात पाणी यायचं, तसं?" मी मूळची पेठेतली, हौदावर पाणी भरलेली, मला जमिनीखालून येणाऱ्या पाण्याचं कौतुक कोणी सांगायला नको. तो एकदम खूश झाला. "तसंच जी! फक्त तोंडाशी पहारेकरी बसला आहे. ओळख पटली तर आत घेतो." घरच्या लॅपटॉपमधून हा बोगदा उघडायचा. मोबाइलमधून उघडत नव्हता. ऑफिसात कोणाचाच उघडला नव्हता, आणि कोणाला उघडायची हौसही नव्हती. यालाच होती.

मग दर रविवारी हा गच्चीवर. मोबाइलला रेंजचं वारं लागतं तिथे म्हणे, टाकीजवळ. काडीने टोच, थांब, टोच. मोबाइल दरवेळी काहीतरी इंग्रजी नकार द्यायचा आणि हा तो मोठ्याने, आदराने वाचायचा, जसं काही वरिष्ठांचं पत्र आलंय. अर्थ मलाही पाठ झाला, कारण खाली कपडे धुताना तोच ऐकू यायचा. तुमचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. हा म्हणायचा, "ठीक आहे साहेब, वाट पाहतो," आणि सोमवारी ऑफिसच्या मदतवाल्यांना सांगायचा की माझं प्रमाणपत्र मंजूर करा. ते सांगायचे, केव्हाच केलंय. हा परत गच्चीवर, मोबाइल परत तेच. असे कितीतरी रविवार गेले. ऑफिसात त्याची चेष्टा व्हायला लागली. त्याची मॅनेजर, तीच ती दसऱ्याच्या फोनवरची बाई, सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अरे, फोनवरून सर्व्हर चालवायच्या आधी एखादी मुलगी बघ. ती तरी उत्तर देईल." हे त्यानेच मला सांगितलं, आणि त्याला त्यात काही लागलेलं दिसलं नाही. मुलीचा विषय निघाला की तो म्हणायचा, "तिला माझ्या वस्तू आवडायला पाहिजेत जी." मी म्हणायचे, "तिला तू आवडलास तरी पुष्कळ झालं."

मग मंदी आली. पेपरात रोज यायचं, अमेरिकेत बँका बुडाल्या, इकडे लोकांना काढणार. रस्त्यावर दर संध्याकाळी कंपन्यांच्या बसमधून उतरणारी पोरं हसत-खिदळत यायची, ती गप्प यायला लागली. माझा भाडेकरूही गप्प झाला. एके दिवशी जिन्याच्या पायरीवर बसलेला दिसला, पायात एकच बूट. म्हणाला, "आजी, दिवाळीनंतर माणसं कमी करणार आहेत. माझं नाव वर आहे म्हणतात." मी विचारलं, का? तर म्हणाला, "मी कामाचा आहे, पण दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, सणाच्या आठवड्यात सगळे गावी चालले, तू थांब. काही अडकलं तर तू सोडव. सुटलं तर मी तुझ्यासाठी बोलेन. नाही सुटलं तर मला बोलायला काही राहणार नाही."

"आणि काढलं तर?" मी विचारलं.

"तर काय, बाबांचं दुकान."

"दुकान वाईट आहे का?"

"वाईट नाही जी." बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत राहिला. "पण तिथे यंत्र म्हणाल तर एक गज आहे. कापड मोजायचा. लोखंडी पट्टी. तिच्याशी काय बोलू?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. तो मनापासून बोलत होता. त्याला दुकानात बसवणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग दसरा. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. माझी विळी, सुरी, पोळपाट-लाटणं, शिवणाचं मशीन. हळद-कुंकवाचं बोट, एक फूल, झालं. याने सकाळीच विचारलं, "माझी हत्यारं पण ठेवू का जी तुमच्यासोबत?" म्हटलं, ठेव. तर तो सगळा संसार घेऊन खाली उतरला. लॅपटॉप, माऊस, वायरी, ती टोचायची काडी, बॅटरी काढून झोपवलेला मोबाइल, आणि ऑफिसची ती एक किल्लीसारखी वस्तू. तिला छोटी खिडकी असते, खिडकीत आकडे दिसतात आणि थोड्या वेळाने आपोआप बदलतात. बोगद्याच्या पहारेकऱ्याला ते आकडे सांगावे लागतात. त्या खिडकीवरही त्याने चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. मी म्हटलं, "बास आता. फूल वाहा आणि ऊठ." तो म्हणाला, "आजी, साहेबांनी वर्षभर राबराब राबायचं, आणि एक दिवस न्हाणं पण नाही?" मी पुऱ्यांचं पीठ भिजवायला आत गेले. तेवढ्यात याने माझ्या देवांसाठी केलेलं पंचामृत घेतलं आणि लॅपटॉपला पळी-पळीने अभिषेक केला. झाकण मिटलेलं आहे, आत काही जायचं नाही, असा त्याचा हिशेब. दूध-दही एक वेळ वर राहिलं असतं. मध आणि तूप बिजागरीतून आत गेलं.

तेव्हाच फोन आला. याचा मोबाइल झोपलेला, म्हणून ऑफिसात याने माझाही नंबर देऊन ठेवला होता, मला न विचारता. मॅनेजरबाई म्हणाल्या, विलायतेतल्या किराणा दुकानांचं काम आमच्याकडे आहे. तिकडे सकाळी दुकानं उघडतात ती आपल्या दुपारी. आतलं काहीतरी अडकलंय, ते सोडवून परत चालू केलं नाही तर एकाही दुकानातला गल्ला उघडणार नाही. त्याला म्हणावं, लगेच लॅपटॉप उघड. मी लॅपटॉपकडे पाहिलं. त्याने झाकण उघडलं होतं. कळांच्या मधून दही वर आलं होतं.

"हिंजवडीला जा," मी म्हटलं.

"पोचेपर्यंत दुकानं उघडायची वेळ होऊन जाईन जी," तो म्हणाला. "आणि सणाचं ऑफिस बंद. पहारेवाला दार उघडेपर्यंत संध्याकाळ."

"मग तो धाकटा?"

त्याने तबकातल्या मोबाइलकडे पाहिलं आणि मान हलवली. पूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायचं नाही, त्याच्या घरची रीत. नोकरी चालली तरी उचलणार नाही असा त्याचा चेहरा होता. मला वाद घालायला वेळ नव्हता. मी मूठभर अक्षता घेतल्या, सगळ्या हत्यारांवर टाकल्या, उत्तरपूजेला मूर्ती हलवतात तसा मोबाइल बोटाने जरासा सरकवला आणि म्हटलं, "पुनरागमनाय च. झाली पूजा. उचल."

"असं चालते?" त्याने विचारलं.

"मी केलं म्हणजे चालतं. उचल म्हणते ना."

त्याने मोबाइलमध्ये बॅटरी घातली आणि वर पळाला. मागे मी, एका हातात माझा मोबाइल, त्यात मॅनेजरबाई, दुसऱ्या हातात ती आकड्यांची किल्ली. माझे गुडघे जिना चढायचे नाहीत, पण चढले. गच्चीवर ऊन असं की मोबाइलच्या काचेत काही दिसेना. दोरीवर माझं नऊवारी लुगडं वाळत होतं, हा त्याखाली शिरून मांडी घालून बसला. टोचायची काडी खाली पूजेतच राहिली होती, म्हणून पीतांबराच्या ओच्यातून उदबत्तीची विझलेली काडी काढली आणि तिने टोचायला लागला. बाहेरून नुसतं लुगडं हलताना दिसत होतं. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंनी मला विचारलं, "काय हो, काय आहे तिथे?" मी म्हटलं, "ऑफिस."

"आकडे सांगा आजी!"

खिडकीवर कुंकू. पदराने पुसलं, तर आणखी पसरलं. जीभ लावून पुसलं, मग दिसले. एकेक आकडा मोठ्याने सांगितला. तो टोचून होईपर्यंत आकडे बदलले. परत सांगितले, परत बदलले. मोबाइलमधून मॅनेजरबाई, "काकू, काय चाललंय? क्लायंट लाइनवर आहे!"

"त्यांना म्हणावं, चहा घ्या."

"काकू, प्लीज! तो कनेक्ट झाला का? लॅपटॉपला काय झालं?"

"आंघोळ करतोय."

"कोण?"

"लॅपटॉप. तुम्ही बोलू नका मध्ये, माझे आकडे चुकतात."

तिसऱ्या की चौथ्या वेळी आकडे वेळेत गेले. मग लुगड्याखालून तोच आवाज, तोच आदर. "तुमचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही." आणि हा सवयीने म्हणाला, "ठीक आहे साहेब..."

मला राग आला. खाली पीठ वाळत होतं, गुडघे ठणकत होते, कानाला फोन लावून कान तापला होता, आणि हा अजून मोबाइलला ठीक आहे म्हणत होता. मी ओरडले, "ठीक काय आहे? इतके महिने अजून नाही, अजून नाही! विचार त्याला, अजून नाही तर कधी? कोणत्या मुहूर्तावर? आज दसरा आहे म्हणावं, याहून चांगला दिवस कोणता हवाय त्याला?"

लुगडं हलायचं थांबलं.

"आजी," आतून आवाज आला, "त्याच्या हिशेबी आज दसरा नाही."

"मग काय आहे?"

"तो झोपून उठला नं. त्याच्या हिशेबी तो अजून कारखान्यातच आहे. दोन वर्षं मागे." मग एकदम मोठ्याने, "मी रोज रात्री झोपवत होतो त्याले! रोज तो सगळं विसरत होता! प्रमाणपत्र या वर्षीचं आहे आणि त्याचं वर्ष मागचं आहे, त्याले ते लागू कसं होईन? बिचारा खरंच सांगून राहिला होता मले! मीच ऐकत नव्हतो बाप्पा!"

एवढ्या महिन्यांचे रविवार, मदतवाल्यांचे फोन, ऑफिसातली चेष्टा, सगळं त्या रुमालावरच्या बॅटरीपायी. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण वेळ नव्हता. त्याने काडीने टोचून टोचून मोबाइलला तारीख सांगितली, महिना सांगितला, वर्ष सांगितलं, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ सांगितली. "आकडे, आजी." मी सांगितले. या वेळी आमचा हात बसला होता. शेवटचा आकडा टोचला.

मग लुगडं दोरीवरून उडालं. खरंच उडालं, कारण हा ते डोक्यावर घेऊनच उभा राहिला होता. पीतांबर, डोक्यावर माझं हिरवं लुगडं, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात उदबत्तीची काडी, आणि कर्वेनगरभर ऐकू जाईल असं ओरडला, "शिरलो! आजी, बोगद्यात शिरलो!" शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांना माहीत नव्हतं.

"ओरडू नको, काम कर," मी म्हटलं.

मग त्याचं काम मी पाहिलं. एरवी मी त्याला फक्त स्कूटरशी बोलताना बघितलेलं. लुगड्याखाली परत बसला, आणि बोलणं बंद. एक शब्द नाही. नखाएवढी अक्षरं त्या काचेवर, ती उदबत्तीची काडी, आणि हा. मधेच काडी मोडली, तर राहिलेल्या तुकड्याने टोचत राहिला. मॅनेजरबाई विचारत होत्या, काय करतोय, कुठवर आलाय, पण मी फोन त्याच्याजवळ नेला नाही. मी म्हटलं, "बाई, त्याला करू द्या. तो तुमच्यापेक्षा त्या वस्तूचं जास्त ऐकतो." शेवटी त्याने वर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सांगा मॅडमना. पाहा म्हणा."

फोनमध्ये खूप लोक एकदम बोलल्याचा आवाज. मग मॅनेजरबाई, आवाज चिरकलेला, "काकू, उघडली! दुकानं उघडली! गल्ले चालू झाले! त्याला द्या ना फोन!"

त्याने फोन घेतला. तिकडून बाई विचारत होत्या, कसं केलंस, लॅपटॉपवरून? हा म्हणाला, "नाही मॅडम. मोबाइलवरून." मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि हा म्हणाला, "हो, त्याच मोबाइलवरून." एवढंच. मी असते तर त्या मुलीच्या थट्टेची आठवण करून दिली असती. त्याच्या मनातही ते आलं नाही.

खाली आल्यावर त्याने पहिल्यांदा लॅपटॉपसमोर हात जोडले आणि माफी मागितली. मी म्हटलं, "माफी माग, पण आता त्याला पुसू नकोस. तुझा हात लागला की बिघडतं." मग आपट्याची पानं देऊन मला वाकून नमस्कार केला. पुऱ्या उशिरा झाल्या, पण चांगल्या फुगल्या. श्रीखंडावर त्याने हिरव्या मिरचीचा ठेचा घातला, ते मात्र मी बघितलं नाही असं दाखवलं. लॅपटॉप कसा बिघडला हे ऑफिसला कळवताना त्याने लिहिलं, पूजेत अभिषेक झाला. मी म्हटलं, काहीतरी दुसरं लिही. म्हणाला, "साहेबांबद्दल खोटं कसं लिहू?" त्याबद्दल कोणी त्याला काही बोललं नाही. उलट दिवाळीच्या आधीच त्याच्या टेबलाभोवती माणसं जमायला लागली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. सगळ्यांना बोगदा पाहिजे. हा प्रत्येकाला आधी विचारायचा, "तारीख बरोबर आहे का त्याची?" आणि मग जावयाला पाट मांडावा तसा तो मोबाइल हातात घ्यायचा. मॅनेजरबाईंचाही त्यानेच लावून दिला. त्यांनी माझ्यासाठी त्याच्याबरोबर पेढे पाठवले. चांगले होते.

दिवाळी झाली. एके दिवशी हा डबा घेऊन सकाळी गेला तो दुपारीच परत आला. स्कूटर फाटकाशी लावली, तिच्याशी काही बोलला नाही. ओसरीवर येऊन बसला. मला वाटलं, झालं, आता यवतमाळ. मी विचारलंच, "काढलं?"

"नाही जी," तो म्हणाला. "मी राहिलो."

"मग तोंड असं का?"

तर सांगायला लागला. सकाळी एकेकाला आत बोलावलं. आत गेला तो परत टेबलावर आला नाही, पहारेवाला त्याचा डबा आणि पिशवी आणून द्यायचा. याच्या डावीकडे बसणारा, जो रोज याच्या ठेच्याचा वास आला की खिडकी उघडायचा. उजवीकडची मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं. पलीकडचा एक, त्याचं जाकीट अजून खुर्चीवरच होतं. आणि सगळ्यांना आत पाठवून झाल्यावर शेवटी मॅडमनाही बोलावलं. आत जाताना त्या याच्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, तुझ्यासाठी मी बोलले होते.

मी त्याला ताक दिलं. तो प्यायला नाही, पेला हातात धरून बसून राहिला. दुपारभर दोघं ओसरीवर बसलो. संध्याकाळ झाली तेव्हा उठला आणि वर गेला.

टेबलांच्या त्या रांगेत तो एकटाच नोकरीत राहिला.